साठ पोरं, पन्नास मिनिटं: इंजिनिअरिंगचं शिकवणं सुधारायला सुरुवात कुठून करायची

मी गेली सतरा-अठरा वर्षं गोव्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतोय आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी झकास शिकवतो असा माझा समज होता. बोर्डवर डेरिव्हेशन सुटसुटीत, अक्षर बरं, पोर्शन वेळेत संपायचा, शेवटी "एनी डाउट्स?" विचारलं की वर्ग चिडीचूप. त्या चिडीचूपचा अर्थ मी 'समजलं' असा लावायचो. मग एका वर्षी इंटर्नल टेस्टला नेहमीचाच प्रॉब्लेम घातला, फक्त पुस्तकातल्या टाकीच्या जागी खाजनातल्या मानशीचं दार टाकलं (नदीकाठच्या बांदातून पाणी आत-बाहेर सोडणारं दार), आकडे जवळपास तेच. निम्म्याहून जास्त पोरांनी पान कोरं सोडलं. एकानं तर चक्क लिहिलं होतं, 'नॉट डन इन क्लास'. यातली बरीच पोरं दिवाडी, चोडण, मये, डिचोली अशा ठिकाणची, म्हणजे मानशीच्या दारावर बसून गळ टाकलेली!

त्या दिवशी घरी जाऊन चिडचिड केली, पोरांना नावं ठेवली, आजकालची पिढी वगैरे सगळं झालं. नंतर हळूहळू कळलं की वर्गात पन्नास मिनिटं विचार मी एकटाच करत होतो, पोरं फक्त उतरवून घेत होती. पुढं जे लिहिलंय ते त्यानंतरच्या दहाएक वर्षांत करून, चुकून, परत करून जमलेलं आहे. हे वाचून कोणी सगळे विषय एकदम बदलायला जाऊ नका, मी तसं केलं आणि ऑक्टोबरपर्यंत दमून जुन्या नोट्सवर परत आलो. एक विषय धरा, एक सेमिस्टर.

आधी जुने पेपर काढा

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक दुपार काढायची. आपल्या विषयाचे मागचे तीन-चार वर्षांचे पेपर घ्यायचे, युनिव्हर्सिटीचे पण आणि आपण स्वतः काढलेले इंटर्नलचे पण, आणि तीन रंगांची स्केचपेनं. जो प्रश्न पाठ करून सुटतो त्याला लाल ('डिफाइन', 'एक्सप्लेन विथ नीट स्केच', पुस्तकातलं डेरिव्हेशन जसंच्या तसं). फॉर्म्युला शोधून आकडे टाकले की सुटतो त्याला पिवळा. जिथं पोराला आधी ठरवावं लागतं की इथं नक्की काय चाललंय, काय धरायचं, काय सोडायचं, त्याला हिरवा. बास, एवढंच. ब्लूम टॅक्सॉनॉमीच्या, म्हणजे पाठांतरापासून वर चढत जाणाऱ्या शिकण्याच्या पातळ्यांच्या, सहा पायऱ्या (मूळ १९५६ ची, सुधारून आलेली २००१ ला) एनबीएच्या, म्हणजे कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत भराव्याच लागतात पण स्वतःसाठी हे तीन रंग पुरतात.

माझ्या स्वतःच्या पेपरांत हिरवा जवळजवळ नव्हताच. म्हणजे मी वर्गात 'विचार करा' म्हणून ओरडत होतो आणि मार्क मात्र पाठांतराला वाटत होतो, आणि पोरं काय मूर्ख नाहीत, मार्क कुठं आहेत ते त्यांना आपल्या आधी कळतं. युनिव्हर्सिटीचा पेपर आपल्या हातात नसतो हे खरं, अॅफिलिएटेड कॉलेजात तर नाहीच. पण इंटर्नल टेस्ट, असाइनमेंट, टर्मवर्क, व्हायवा हे सगळं आपल्याच हातात असतं. तिथं प्रत्येक टेस्टला निदान एक हिरवा प्रश्न घालायचा आणि तो घालणार आहोत हे पहिल्याच आठवड्यात पोरांना सांगून टाकायचं, एक नमुना दाखवून. अचानक घातला तर माझ्यासारखं कोरं पान मिळेल.

कोर्स आउटकमचं (सीओ, म्हणजे विषय संपल्यावर पोराला काय यायला हवं) पण इथंच उरकून घ्या. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशांत मानायचा करार) कायमचा सभासद झाला तेव्हापासून सीओ-पीओ मॅपिंगचे (विषयाचे आउटकम आख्ख्या डिग्रीच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या, आउटकमशी जोडायचे) तक्ते आपल्या मागे लागलेत, आणि बहुतेक ठिकाणी ते मागच्या वर्षीच्या फायलीतून कॉपी-पेस्ट होतात, मी पण केलेत. पण एक सीओ तरी मनापासून लिहून बघा. 'स्टुडंट विल अंडरस्टँड हायड्रोस्टॅटिक फोर्सेस' हे लिहून काही होत नाही कारण अंडरस्टँड झालं की नाही बघणार कसं. त्याऐवजी, 'पाण्यात उभ्या असलेल्या सपाट दारावर किती जोर येतो आणि तो कुठं लागतो हे काढता येईल, आणि काढताना काय काय गृहीत धरलं ते सांगता येईल'. असं लिहिलं की पेपरातला प्रश्न आपोआप त्यातूनच निघतो.

पहिल्या आठवड्यात पोरांना काय येतं ते बघा

दहा-बारा छोटे प्रश्न, आकडेमोड नको, मार्क नकोत, पंधरा मिनिटं. बर्फाचा तुकडा पाण्यात वितळला तर ग्लासातलं पाणी वर येईल का, अरुंद पाइपात पाणी गेलं की त्याचं प्रेशर वाढतं की कमी होतं, असले. पुढं सेमिस्टरच्या शेवटी तेच प्रश्न परत द्यायचे.

ही कल्पना काही माझी नाही. फिजिक्सवाल्यांनी १९९२ मध्ये फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची एक टेस्ट काढली, न्यूटनच्या नियमांवर, एकही गणित नसलेली. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसमधल्या सहा हजारांवर पोरांचे निकाल एकत्र केले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत, जेवढं शिकायचं शिल्लक होतं त्यातलं सरासरी २३ टक्केच पदरात पडलं होतं, आणि ज्या वर्गांत पोरं आपसांत बोलून, हातानं काहीतरी करून शिकत होती तिथं ४८ टक्के. हिशोब सोपा आहे, सुरुवातीला वर्गाची सरासरी ४० आणि शेवटी ७० आली तर मिळण्यासारखे होते ६०, मिळाले ३०, म्हणजे अर्धे, म्हणजे ०.५. हा एक आकडा दरवर्षी डायरीत लिहून ठेवायचा, कोणाला दाखवायची गरज नाही. माझा पहिल्या वर्षीचा आकडा मी इथं पण दाखवणार नाहीये.

लेक्चर मधेच तोडा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर.

पन्नास मिनिटांचं लेक्चर सलग द्यायचंच नाही. बारा-पंधरा मिनिटं आपण बोलायचं, मग एक प्रश्न, मग परत आपण. प्रश्न कसा हवा? डोकं लागलं पाहिजे पण कॅल्क्युलेटर लागता कामा नये, आणि चुकीचे पर्याय असे हवेत की चांगली पोरं पण फसतील. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत फिजिक्सच्या वर्गात चालवली, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात तिला. करायचं असं:

प्रश्न बोर्डवर टाकायचा. दीड-दोन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं, तोंडातून ब्र न काढता विचार करायचा. मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं, त्याला मोबाइल अॅप आहेत, रंगीत कार्डं आहेत, पण मला सगळ्यात बरं वाटतं ते बोटं: एक बोट म्हणजे अ, दोन म्हणजे ब, हात छातीशी धरून दाखवायचा म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि वायफाय बंद पडायचा प्रश्नच नाही (पावसाळ्यात आमच्याकडं लाइट पण असते-नसते). मी नजर फिरवून अंदाज घेतो. तीस टक्क्यांपेक्षा कमी बरोबर असतील तर आपलंच सांगणं कमी पडलंय, परत सांगायचं. सत्तरच्या वर असतील तर दोन वाक्यांत उत्तर सांगून पुढं जायचं. मधे कुठं असेल तर खरी मजा, "शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवून दे" म्हणायचं आणि तीन मिनिटं वर्ग सोडून द्यायचा. मग परत बोटं. आणि या सगळ्यात बरोबर उत्तर आपण आधी सांगायचं नाही, चेहऱ्यावर पण नाही, पोरं आपला चेहरा वाचण्यात पटाईत असतात.

माझा आवडता प्रश्न मानशीचाच. खाजन म्हणजे नदीकाठची खारी जमीन, भोवती बांद घातलेला, आणि बांदात जिथून पाणी आत-बाहेर होतं ती मानस. भरतीला नदीचं पाणी चढलं की दार त्या पाण्यानंच दाबून बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी जास्त झालं की दार ढकलून बाहेर जातं. मोटर नाही, सेन्सर नाही. तर प्रश्न: एका मानशीसमोर नदी २० मीटर रुंद आहे, दाराशी पाणी १.२ मीटर खोल. दुसरीकडं अगदी तसलंच दार, पाणी तेवढंच खोल, पण नदी २०० मीटर रुंद. दुसऱ्या दारावर जोर किती? अ) तेवढाच, ब) दहापट, क) थोडा जास्त, ड) सांगता येणार नाही.

दरवर्षी पहिल्या वेळी साठातले वीस-बावीस हातच एक बोट दाखवतात. बाकी सगळी क आणि ब मध्ये. मग चर्चा सोडली की जो गोंगाट होतो तो ऐकण्यासारखा असतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा तावातावानं, "अरे न्हंय व्हड आसल्यार जोर चड पडटलोच न्हू!" (नदी मोठी असली तर जोर जास्त पडणारच ना!) आणि त्याच्या शेजारची मुलगी शांतपणे म्हणाली, "मग समुद्राकडच्या घराची कंपाउंड वॉल कशी राहते रे?" तो गप्प. मी दहा वर्षं हायड्रोस्टॅटिक पॅराडॉक्स (जोर पाण्याच्या खोलीवर ठरतो, नदीच्या रुंदीवर नाही) शिकवलाय, इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या वेळी पन्नासच्या आसपास हात बरोबर आले.

आणि मग, तेव्हा कुठं, गणित. दार १ मीटर रुंद, १.२ मीटर उंच, पाणी वरच्या कडेपर्यंत, खाऱ्या पाण्याची घनता १०२५ धरा, आत पाणी नाही. जोर येतो साधारण ७.२४ किलोन्यूटन, म्हणजे ७४० किलो वजन दारावर टेकवल्यासारखं, आणि तो लागतो वरून ०.८ मीटरवर. पाणी अर्ध्यावर उतरलं, ०.६ मीटर, तर जोर अर्धा नाही, पाव. इथं परत एक प्रश्न टाकता येतो, 'अर्धा की पाव', आणि इथं पण पोरं आपटतात. फॉर्म्युला आधी दिला असता तर सगळ्यांनी बरोबर आकडे टाकले असते आणि कोणालाच काही कळलं नसतं.

एका लेक्चरला दोनपेक्षा जास्त प्रश्न घालू नका, वेळ जातो. पोर्शन मागे पडतो का? हो, सुरुवातीला पडतो. त्यावर उपाय म्हणजे लांबलचक डेरिव्हेशनपैकी काही बोर्डवर करायचीच नाहीत, छापील देऊन टाकायची आणि वर्गात फक्त 'या तिसऱ्या ओळीत काय धरलंय आणि ते कुठं चालणार नाही' एवढंच विचारायचं. पुस्तकात असलेली गोष्ट पंचवीस मिनिटं खडूनं परत लिहिण्यात आपला जीव जातो आणि पोरांचा हात दुखतो. एनपीटीईएलचे व्हिडिओ आहेत, २००३ पासून आयआयटीवाले करतायत, पण 'आख्खं लेक्चर बघून या' म्हणू नका, कोणी बघत नाही, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत ते सांगा, दहा मिनिटांच्या आत.

अजून एक बारीक गोष्ट. प्रश्न विचारला की थांबायचं. मेरी बड रो नावाच्या बाईंनी शाळेच्या वर्गांत मोजून बघितलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब आणि बरी येतात. मी पाठीमागे हात बांधून मनात दहापर्यंत मोजतो. पहिल्यांदा ते दहा सेकंद फार जड जातात बघा, वर्गाला नाही, आपल्याला.

कोकणीत बोलू द्या

आपल्याकडं गावातली बरीच पोरं प्रायमरी मराठी किंवा कोकणीतून करतात आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश मीडियम. सेकंड इयरपर्यंत इंग्लिश वाचतात, लिहितात, पण डोक्यातली भांडणं कोकणीत किंवा मराठीतच चालतात. चर्चेच्या तीन मिनिटांत मी भाषेचं बंधन पूर्ण काढलं आणि जी पोरं दोन वर्षं तोंड उघडत नव्हती ती बोलायला लागली. शेवटी उत्तर सांगताना मात्र इंग्लिशमध्ये, मोडकंतोडकं चालेल, कारण पेपर आणि इंटरव्ह्यू इंग्लिशमध्येच आहे, तिथं लाड होत नाहीत.

यात एक फायदा अनपेक्षित मिळाला. पोरं बोलताना जोर आणि दाब दोन्हीला 'प्रेशर'च म्हणतात. 'दारावर किती प्रेशर आलं' म्हणतात आणि उत्तर देतात न्यूटनमध्ये. मराठीत विचारलं की लगेच फरक कळतो: दाब प्रत्येक जागी वेगळा, जोर म्हणजे सगळा मिळून एक. त्या दिवसापासून बोर्डवर मी दोन शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवतो.

पोरं कुरकुर करणार, आधीच सांगून ठेवा

ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर एक वाईट सेमिस्टर वाचलं असतं. पद्धत बदलली त्या वर्षी माझा स्टुडंट फीडबॅक खाली आला. 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात' असं दोघा-तिघांनी लिहिलं, आणि ते वरच्या केबिनमध्ये माझ्यासमोर वाचून दाखवण्यात आलं.

नंतर २०१९ मध्ये हार्वर्डमधला एक अभ्यास वाचनात आला. तिथं फिजिक्सच्या पोरांचे दोन गट केले होते, एकाला गुळगुळीत लेक्चर, दुसऱ्याला स्वतः सोडवायला लावून. दुसऱ्या गटाला टेस्टमध्ये मार्क जास्त पडले, पण 'आपण कमी शिकलो' असं त्यांनाच वाटत होतं. ऐकताना सगळं सोपं वाटतं, म्हणून शिकलो असं वाटतं, सोडवताना अडखळतं म्हणून काहीच येत नाही असं वाटतं. आता मी पहिल्याच लेक्चरला हा किस्सा सांगतो. सोबत २०१४ चा अजून एक आकडा सांगतो, २२५ अभ्यास एकत्र करून काढलेला: नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के आणि पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८. बॅक राहायची भीती सगळ्यांना असते, हा आकडा लगेच डोक्यात शिरतो.

शिवाय चौथ्या आठवड्यात, कॉलेजचा फॉर्म यायच्या कितीतरी आधी, आपणच अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, नाव नको: काय चालू ठेवू, काय बंद करू. पुढच्या लेक्चरला सांगायचं की यातलं अमुक बदलतोय आणि तमुक बदलणार नाही, का ते. मला एकदा पस्तीस चिठ्ठ्यांत 'बोर्ड लवकर पुसता' मिळालं. पंधरा वर्षं मी बोर्ड लवकर पुसत होतो.

लॅब: ०.९७ चा रोग

आता दुखरी नस. व्हेंचुरीमीटरचा (पाइपातला प्रवाह मोजायचं, मधे अरुंद असलेलं उपकरण) कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज, म्हणजे खरा प्रवाह भागिले गणितानं निघणारा प्रवाह, काढा, हा एक्सपेरिमेंट देशात कुठं होत नसेल असं नाही. पुस्तकात तो ०.९५ ते ०.९८ च्या आसपास असतो. आमच्याकडं एका वर्षी चार बॅचच्या सगळ्या जर्नलांत ०.९७. सगळ्यांत! मग मी स्वतः जाऊन रीडिंग घेतलं तर १.१२ आला, म्हणजे गणितानं निघतं त्यापेक्षा जास्त पाणी बाहेर. मॅनोमीटरच्या (दाबातला फरक दाखवणाऱ्या) नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता, पारा जेवढा हलायला हवा तेवढा हलतच नव्हता, किती महिने ते देवाला ठाऊक. आणि तेवढे महिने पोरं सीनियरच्या जर्नलमधून ०.९७ उतरवत होती आणि मी सही करत होतो. माझी पण सही होती हो त्यावर.

पुढं काय केलं ते सांगतो, याला एक पैसा लागत नाही.

पंप चालू करायच्या आधी ग्राफ. कोऱ्या कागदावर पेन्सिलनं, फ्लो वाढवला की मॅनोमीटरचा फरक कसा वाढेल, सरळ रेषेत की वाकडा? प्रत्येकानं काढायचा, सही करायची, मगच व्हॉल्व्हला हात लावायचा. नंतर खरे पॉइंट्स त्याच कागदावर. दोन्ही जुळले नाहीत की पोरं स्वतःहून विचारायला येतात. व्हर्च्युअल लॅबच्या साइटवर हेच प्रयोग आहेत, ते आदल्या दिवशी घरी करून यायला चांगले, पण त्यावरच भागवू नका, तिथं बुडबुडा अडकत नाही.

दुसरं, उत्तरासोबत 'किती इकडंतिकडं' हे लिहायलाच हवं. कलेक्टिंग टँकमध्ये पाणी १० सेंटिमीटर चढायला ८ सेकंद लागले आणि स्टॉपवॉच दाबण्यात अर्धा सेकंद चूक झाली तर तिथंच सहा टक्के गेले. तेच फ्लो कमी करून ४० सेकंद घेतले तर सव्वा टक्का. एवढं गणित केल्यावर पोरगं स्वतःच म्हणतं की सर, फास्ट फ्लोचं रीडिंग तीनदा घेऊया. हे त्याला मी 'प्रीकॉशन्स' मध्ये पाच ओळी लिहायला लावून कधीच शिकवू शकलो नसतो.

तिसरं, मार्क. चुकीचा आकडा आला आणि का आला ते शोधलं तर पूर्ण मार्क. बरोबर आकडा आला पण रीडिंगवरून तो निघत नाही, तर शून्य. पहिल्यांदा असं शून्य दिलं तेव्हा डिपार्टमेंटमध्ये थोडा तमाशा झाला, पण त्यानंतर ०.९७ ची साथ ओसरली. लिहिण्याची पानं पण कमी करा, थिअरी आणि प्रोसीजर उतरवायला लावू नका, दोन पानांत आटपायला सांगा.

चतुर्थीनंतरचा पहिला तास

ऑड सेमिस्टरचं आपल्याकडचं गणित चतुर्थीभोवती फिरतं. आठवडाभर कॉलेज बंद, पोरं माटोळी (गणपतीच्या वरचा फळा-पानांचा मांडव) बांधण्यात, आरत्या आणि घुमट वाजवण्यात, आणि परत येतात तेव्हा पाटी कोरी. पूर्वी मी परत आल्यावर अर्धा तास रिव्हिजन घ्यायचो, सगळी माना डोलवायची.

आता आल्या आल्या कोरा कागद: सुट्टीआधी जे झालं त्यातलं आठवेल ते लिहा, दहा मिनिटं, वही बंद. मग वही उघडून वेगळ्या रंगाच्या पेनानं राहिलेलं भरायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं: परत परत वाचणारे पाच मिनिटांनी थोडे पुढं असतात, पण आठवड्यानं आठवून लिहिणारेच पुढं. म्हणून दर सोमवारी पाच मिनिटांची छोटी क्विझ, त्यात दोन प्रश्न मागच्या आठवड्यातले आणि एक महिन्यापूर्वीचा. मार्क अगदी थोडे ठेवा, नाहीतर कॉपी सुरू होते.

असाइनमेंटबद्दल फार लिहीत नाही. चॅटजीपीटी आल्यापासून घरी करून आणलेल्या असाइनमेंटला मी मार्क देणं जवळपास बंद केलंय. प्रत्येकाचा डेटा वेगळा देतो (दाराची उंची रोल नंबरवरून), घरी कसंही करा, पण वर्गात त्याच प्रॉब्लेममधली एक गोष्ट बदलून दहा मिनिटांत समोर करायची. कधी कधी उलट करतो, चॅटजीपीटीचं उत्तर छापून देतो आणि चूक शोधायला लावतो, आणि चूक सापडते तेव्हा पोरांना भलताच आनंद होतो.

सीओ अटेनमेंटची (कुठला कोर्स आउटकम किती साधला याची) एक्सेल शीट तर भरायचीच आहे, फक्त एवढं करा की ज्या सीओला अटेनमेंट कमी आलं तिथं 'विल टेक एक्स्ट्रा लेक्चर्स' असं न लिहिता नक्की कुठला प्रश्न पोरांना जमला नाही ते लिहा. पुढच्या जूनमध्ये ती ओळ आपल्यालाच उपयोगी पडते.

प्रोजेक्ट गावातून आणा

फायनल इयरचे प्रोजेक्ट बाहेरून करून आणतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. माझा अनुभव असा की विषय जितका परका तितका तो विकत मिळायला सोपा. तेच पेडण्यातल्या एखाद्या काजूच्या भट्टीत किती लाकूड जळतं आणि त्यातली किती उष्णता वाया जाते हा प्रोजेक्ट कुठल्या दुकानात मिळणार? मार्च-एप्रिलला हंगाम असतो, म्हणजे ईव्हन सेमिस्टरात नेमका. होडीवाल्यांच्या आइसबॉक्समधला बर्फ किती तास टिकतो, समुद्राकडच्या लोखंडी ग्रिलला कुठल्या बाजूनं गंज आधी लागतो. गंजाचा विषय काढला की १९८६ च्या जुलैत कोसळलेल्या मांडवीच्या पुलाची गोष्ट सांगायचीच, खाऱ्या हवेत आतल्या, काँक्रीट आवळून धरणाऱ्या प्रिस्ट्रेसिंगच्या तारा गंजल्या हे त्यामागचं कारण सांगतात. घरी आईवडिलांना विचारून या म्हटलं की पोरं फेरीबोटीच्या रांगांच्या गोष्टी घेऊन येतात, आणि मग मटेरियल सायन्सचा तो कोरडा चॅप्टर पोरं स्वतः उघडून वाचतात.

चौघांच्या टीममध्ये दोघं राबतात आणि दोघं पीपीटीत नाव घालतात, यावर एकच उपाय मला लागू पडला. दर पंधरवड्याला टीम आली की चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्यानं उत्तर द्यायचं, आणि त्याला मिळतील ते मार्क चौघांना. दुसऱ्या वेळेपासून राबणारे दोघं बाकीच्या दोघांना हॉस्टेलवर बसवून शिकवतात, शिव्या घालत का होईना.

सेकंड इयरला मात्र मी प्रोजेक्ट देत नाही, एक मानस दाखवून आणतो. अर्धा दिवस पुरतो, परवानगीसाठी गावच्या कुळांच्या असोसिएशनला आधी विचारा, बांदावर चिखल असतो तेव्हा चपला नकोत, टेप आणि वजनाचा काटा न्या, आणि दार माणसानं ओढून उघडतं का ते बघा. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. पहिल्या वर्षी मी सेहेचाळीस पोरांना घेऊन ऐन भरतीला पोचलो, दार पाण्याखाली, आणि ती मघाचीच कंपाउंड वॉलवाली मुलगी, हातात टेप घेऊन, मला म्हणते, "सर, डेप्थ काय धरायची?"